अमेरिकेतली इमिग्रेशन सुधारणा: आपली रांग आणि ‘त्यांची’ सीमा

रानजाई

२०२५च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी (कुशल परदेशी कामगारांचा तात्पुरता व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तेव्हापासून आपल्या प्रत्येक धाग्यावर एक वाक्य हमखास येतं: ‘आम्ही कायद्याने आलो, कर भरतो, ग्रीनकार्डाच्या रांगेत मुकाट उभे आहोत. सीमा ओलांडून घुसणाऱ्यांच्या भांडणात आमची फरफट का?’ असं म्हणणाऱ्यांचा त्रास मला ठाऊक आहे. पण ही दोन भांडणं वेगळी आहेत हे मला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडावं म्हणून हा धागा.

या देशात परवानगीचा कोण आणि बिनपरवानगीचा कोण, हे काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, वेळोवेळी ठरवलं आणि वेळोवेळी बदललं. १७९०च्या कायद्यात नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला होतं. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून ज्यांनी रेल्वे नेली त्या चिनी मजुरांना १८८२मध्ये दार बंद झालं. १९१७मध्ये विल्सन यांचा व्हेटो डावलून काँग्रेसने आशियाचा मोठा पट्टा ‘वर्जित क्षेत्र’ ठरवला, त्यात हिंदुस्थान आला. १९ फेब्रुवारी १९२३ला सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि हिंदुस्थानी माणूस त्यात बसत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. या निकालानंतर नागरिकत्व मिळालेल्या कित्येक हिंदुस्थान्यांवर ते रद्द करण्याचे खटले भरले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई यांचं नागरिकत्व गेलं. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ही माणसं सीमा ओलांडून आली नव्हती. कायद्याने आली होती, कायद्याने नागरिक झाली होती, आणि एका निकालाने परकी ठरली.

१९२४च्या जॉन्सन-रीड कायद्याने देशवार कोटे आणले आणि आधार धरला १८९०च्या जनगणनेचा, म्हणजे इटालियन लोक आणि पूर्व युरोपातले ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीचा. १९४६मध्ये भारताला कोटा मिळाला तो वर्षाला १०० माणसांचा. १९६० साली भारतात जन्मलेले जेमतेम १२ हजार लोक या देशात होते.

मग आला १९६५चा हार्ट-सेलर कायदा. ३ ऑक्टोबरला लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि ऑगस्ट १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ हा आला, आणि त्यांच्याशिवाय तो आला नसता. वर्णावरून मतदार ठरवणं चूक म्हटल्यावर वर्णावरून स्थलांतरित ठरवणं टिकणार कसं? आपले डॉक्टर, इंजिनियर इथे पोचले ते या कायद्यामुळे. १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे इथल्या मराठी मंडळांची संघटना, उभं राहू शकलं तेही त्याच्याच पायावर.

याच कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही. तोवर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्यांवर संख्येची मर्यादाच नव्हती. १९६५च्या कायद्याने पश्चिम गोलार्धासाठी वर्षाला १ लाख २० हजार अशी मर्यादा घातली. १९४२पासून चाललेली ब्रासेरो ही हंगामी मजुरांची योजना १९६४च्या अखेरीस बंद झाली होती. १९७६मध्ये मेक्सिकोलाही इतर देशांसारखी २० हजारांची मर्यादा लागली. पिकं तीच, मळे तेच, मजूर तेच. काल कंत्राटावर येणारा माणूस आज ‘घुसखोर’ झाला. ज्या सहीने आपलं दार उघडलं त्याच सहीने त्यांचं ओढून घेतलं. म्हणून म्हणते, ही एकच गोष्ट आहे.

---

टेक्सासकर

धागा अभ्यासू आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. थिंडला नाकारलं ते वर्णावरून. आज नाकारतात ते नियमावरून. दोन्हींना एका तागडीत कसं घालता?

आणि १९८६ विसरू नका. रेगन यांनी इमिग्रेशन कायद्यावर सही केली, सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, आणि लोकांना सांगितलं की हे एकदाच. आज कागदपत्रांविना राहणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे आहे. नियम मोडणाऱ्याला बक्षीस दिलं की पुढचा येणारच. मी व्हिसासाठी कॉन्सुलेटबाहेर उभा राहिलो, पदवी घेतली, नियमाने आलो. मेक्सिकोतल्या माणसाने रांगेत उभं राहावं, माझा त्याला विरोध नाही.

---

मुळामुठा

वाचतोय. रानजाईताई, अजून लिहा.

---

रानजाई

टेक्सासकर, रांग कुठली? हेच तर विचारायचं आहे. १९९०च्या कायद्यात अकुशल कामगारांसाठी कायमच्या व्हिसांची मर्यादा आहे साऱ्या जगाला मिळून वर्षाला १० हजार. द्राक्षं तोडणारा, कोंबड्या सोलणारा, छपरं घालणारा माणूस ज्याचा इथे कोणी जवळचा नातेवाईक नाही, त्याने कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं? खिडकीच नाही. हंगामी शेतमजुरांसाठी एच-टू-ए आहे, पण हंगाम संपला की परत, आणि त्यातून ग्रीनकार्डाकडे, म्हणजे कायमच्या वास्तव्याकडे, वाट जात नाही.

१९९६चा कायदा तर याहून वाईट आहे. क्लिंटन यांनी सही केली. परवानगीविना सहा महिने राहून देशाबाहेर गेलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर राहिलात तर दहा. सीमा ओलांडून आलेल्या माणसाने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं, मुलं झाली, तरी बहुतेकांना व्हिसा घ्यायला मायदेशी जावं लागतं, आणि सीमेबाहेर पाऊल पडताच ती दहा वर्षं लागू होतात. सवलत मागता येते, पण ती मिळेलच याचा भरवसा नाही. नियमात बसायला निघालेल्यालाच हा नियम बाहेर ठेवतो. मग लोक आतच राहतात, लपून. १९९६पूर्वी हंगाम संपला की घरी जाणारे बरेच होते. तेही यानंतर, आणि सीमेवर पहारा वाढल्यावर, इथेच अडकले.

---

ओहायोचे अप्पा

मी तिसऱ्या प्रेफरन्सवर, म्हणजे उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या गटातून, १९७१मध्ये आलो. तेव्हा इंजिनियरला नोकरी हातात नसतानाही ग्रीनकार्ड मिळे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९६५बद्दल एक भर घालतो. हाउसच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन आमच्याच ओहायोचे. मूळ प्रस्तावात कौशल्याला पहिला मान होता. फीगन यांनी आग्रह धरून कुटुंबाला पहिला मान दिला. त्यांचा हिशोब असा की देशात बहुसंख्य गोरे युरोपीय आहेत, म्हणजे बोलावले जाणारे नातेवाईकही युरोपीयच असणार, आणि देशाचा रंग बदलणार नाही. झालं उलट. युरोपात बरे दिवस आले होते, तिथून कोणी यायला तयार नव्हतं. आम्ही आलो, नागरिक झालो, भावंडांना बोलावलं, भावंडांनी सासरच्यांना. जॉन्सन यांनी सही करताना म्हटलं होतं की हा काही क्रांतिकारी कायदा नाही. कायदा करणाऱ्यांनाच त्याचा पुढचा पल्ला दिसला नव्हता.

इमॅन्युएल सेलर हे नावही लक्षात ठेवा. ब्रुकलिनचे हे ज्यू सभासद १९२३मध्ये काँग्रेसमध्ये आले, १९२४च्या कोट्यांविरुद्ध बोलले आणि हरले. १९४६च्या आपल्या १०० माणसांच्या कायद्यावर त्यांचं नाव आहे आणि १९६५च्या कायद्यावरही. एका चुकीच्या कायद्यामागे माणूस ४१ वर्षं लागला. आपण चार वर्षांत थकतो.

टेक्सासकर, १९८६चं तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. सौदा तिहेरी होता. आत असलेल्यांना दर्जा द्यायचा, बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचा, आणि सीमेवर बंदोबस्त वाढवायचा. मालकाचा भाग मुद्दाम पोकळ ठेवला गेला. १९५२च्या कायद्यात टेक्सासच्या मळेवाल्यांनी एक कलम घालून घेतलं होतं, ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणतात त्याला. बेकायदा माणसाला आसरा देणं गुन्हा, पण कामावर ठेवणं हा आसरा धरायचा नाही! १९८६मध्ये ते गेलं, पण त्याजागी आलं की मालकाने ‘जाणूनबुजून’ ठेवलं असेल तरच दंड. मजुराने आय-नाइन फॉर्म भरताना कागद दाखवायचे, ते वरवर खरे वाटले की मालक सुटला. खोट्या कागदांचा धंदा उभा राहिला. आणि पुढे लागणाऱ्या मजुरांसाठी नवी कायदेशीर वाट काही ठेवलीच नाही. २७ लाखांना दर्जा दिल्यामुळे पुढचे आले असं म्हणण्यापेक्षा, काम होतं आणि दार नव्हतं म्हणून आले, हे जास्त खरं आहे.

---

बाभूळबन

मी वर्ध्याचा, अमेरिकेत कधी राहिलो नाही, पण या इतिहासात आपली माणसं आहेत म्हणून लिहितो.

आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकी शिकले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे इंजिनियरिंग शिकायला त्याच किनाऱ्यावर गेले. दोघेही हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत होते. ती चळवळ ज्या लाकूडगिरण्यांच्या भागात रुजली तिथली हवा कशी होती पाहा. ४ सप्टेंबर १९०७च्या रात्री वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम इथे गोऱ्यांच्या जमावाने हिंदुस्थानी गिरणीमजुरांना झोपड्यांतून ओढून बाहेर काढलं आणि गावातून हाकलून दिलं. परक्या देशात मार खाताना आपल्यामागे आपलं सरकार नाही, हे त्या मजुरांना तिथे कळलं. पिंगळे १९१४मध्ये परतले, नोव्हेंबर १९१५मध्ये लाहोरला फासावर गेले. खानखोजे मेक्सिकोत पोचले, तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या सुधारित जातींवर काम केलं. दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना रंगवलं आहे. अमेरिकेने आणि इंग्रजांनी ज्याला थारा दिला नाही त्याला मेक्सिकोने दिला, हे आज मेक्सिकन मजुराला नावं ठेवणाऱ्या मराठी माणसाने ध्यानात घ्यावं.

दुसरं नाव सखाराम गणेश पंडित. थिंड यांचे वकील. स्वतः १९१४मध्ये अमेरिकन नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. थिंडचा निकाल लागल्यावर सरकारने पंडितांचंही नागरिकत्व काढायला खटला भरला. पंडितांनी वर्णाचा वाद घातलाच नाही. ते म्हणाले, तुमच्याच न्यायालयाने सगळं तपासून मला नागरिक केलं, तेव्हा तुम्ही अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, घर घेतलं, लग्न केलं, आता तुम्हाला मागे जाता येणार नाही. १९२६मध्ये वरच्या न्यायालयाने ते मान्य केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. त्यानंतर बाकीच्या हिंदुस्थान्यांवरचे असे खटले थंडावले. मला हा युक्तिवाद फार मोठा वाटतो. वर्षानुवर्षं राहू दिलंत, काम करू दिलंत, घर उभं राहू दिलंत, यातून माणसाचा काही हक्क तयार होतो, असं पंडित म्हणत होते. आज वीस-तीस वर्षं इथे राहून कर भरणाऱ्या बिनकागदाच्या माणसाचं म्हणणं याहून निराळं आहे का?

---

टेक्सासकर

बाभूळबन, माहिती उत्तम, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. पंडितांना न्यायालयाने नागरिकत्व दिलं होतं. लपून राहणाऱ्याला कोणीही काही दिलेलं नाही. तिथे फरक आहे आणि तो मोठा आहे.

---

अनघा_एडिसन

मी रांगेतली आहे, म्हणून मला बोलू द्या.

नवऱ्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, २०१४ची. गट ईबी-टू, उच्चशिक्षितांचा. मुलगी चार वर्षांची असताना आलो. ती आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आमच्या अर्जातून ती बाहेर पडते. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा, परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि शिक्षण संपल्यावर पुन्हा एच-वन-बीची लॉटरी. ज्या देशाबाहेरचं तिला काही आठवत नाही, त्या देशात ती परकी.

दरवर्षी रोजगारावर आधारित ग्रीनकार्डं १ लाख ४० हजार, त्यात बायको-मुलंही मोजतात. एका देशाला ७ टक्के, म्हणजे या गटात ९,८०० च्या आसपास, शिवाय इतर देशांचं काही उरलं तर ते. आइसलँडलाही ७ टक्के, भारतालाही ७ टक्के. हे आकडे १९९०चे आहेत. तेव्हा या देशाची लोकसंख्या २४.९ कोटी होती, २०२०मध्ये ३३.१ कोटी झाली. आकडा हलला नाही. मधल्या काळात एच-वन-बीची मर्यादा मात्र ६५ हजारांवरून काही वर्षं १ लाख ९५ हजारांवर नेली. आत यायचं दार रुंद केलं आणि पुढचं दार तेवढंच ठेवलं. सहा वर्षांची मर्यादा संपली तर तीन-तीन वर्षांनी मुदतवाढ द्यायची सोय २०००च्या कायद्याने केली. तात्पुरता व्हिसा म्हणता म्हणता माणसं त्यावर म्हातारी होऊ लागली.

आणखी एक गोष्ट ऐका. २०१२मध्ये ओबामांनी लहानपणी आणलेल्या मुलांसाठी डाका ही हद्दपारी तात्पुरती टाळणारी योजना आणली. अट अशी की १५ जून २०१२ला मूल कायदेशीर दर्जाविना असलं पाहिजे. आमच्यासारख्यांची मुलं दर्जा असल्यामुळे अपात्र. मला सुरुवातीला त्या मुलांचा राग यायचा. आता येत नाही. आमच्या गावच्या शाळेत डाकावरची एक शिक्षिका माझ्या मुलीला गणित शिकवत होती. दर दोन वर्षांनी परवाना नवा करायचा, कोर्टात काय होतंय त्यावर डोळे लावायचे. तिचं आणि माझ्या मुलीचं भय सारखंच आहे.

---

मुळामुठा

पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे, एमएससाठी अर्ज करणार होतो. एक विचारायचं आहे. ग्रीनकार्डाचे आकडे चुकीचे आहेत यावर दोन्ही पक्ष एकमत असल्यासारखे दिसतात. मग काँग्रेस फक्त तेवढा आकडा का बदलत नाही?

---

ओहायोचे अप्पा

मुळामुठा, बाळा, तुझ्या प्रश्नातच या धाग्याचं मर्म आहे. थोडं लांबेल.

१९८६नंतरच्या प्रत्येक मोठ्या प्रयत्नात एकच युक्ती होती. सगळं एका गाठोड्यात बांधायचं. सीमेचा बंदोबस्त रिपब्लिकनांसाठी, आतल्यांना दर्जा डेमोक्रॅटांसाठी, हंगामी मजूर मळेवाल्यांसाठी, जादा ग्रीनकार्डं तंत्रज्ञान कंपन्यांसाठी. प्रत्येकाने काही गिळायचं, काही मिळवायचं. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणतात ते हेच. गाठोड्यातून एक वस्तू सुटी काढून दिली तर उरलेल्याला गिऱ्हाईक राहणार नाही, ही भीती प्रत्येकाला. म्हणून तुझा सोपा आकडा सुटा मिळत नाही.

२००७मध्ये रिपब्लिकन धाकटे बुश आणि डेमोक्रॅट टेड केनेडी एका बाजूला होते. २८ जूनला सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला नेण्यासाठी ६० मतं हवी होती, पडली ४६, विरोधात ५३. उजवीकडच्या रेडिओवाल्यांनी ‘माफी’ म्हणून रान उठवलं. आणि डावीकडूनही घाव बसला. हंगामी मजुरांची योजना मजुरी पाडेल म्हणून कामगार संघटनांचा मोठा गट विरोधात होता. ती योजना पाच वर्षांत गुंडाळायची दुरुस्ती ४९ विरुद्ध ४८ने मंजूर झाली आणि मालकांचा रस गेला.

२०१३ला तर हातातोंडाशी आलेला घास गेला. मॅकेन, ग्रॅहम, रुबिओ, फ्लेक आणि शूमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट अशा चार रिपब्लिकन आणि चार डेमोक्रॅट सिनेटरांनी मसुदा लिहिला. सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ने पास. त्यात रोजगाराच्या ग्रीनकार्डावरची देशवार मर्यादा काढली होती, बायकामुलं मोजणं बंद केलं होतं. अनघा, तो कायदा झाला असता तर तुमची रांग कधीच सरली असती. त्यातच एच-वन-बीवर जास्त माणसं ठेवणाऱ्या कंपन्यांवर कडक अटी होत्या, आणि भारतीय आयटी कंपन्यांची संघटना त्या अटींविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये झटत होती, हेही नोंदवून ठेवतो. हाउसचे सभापती बेनर यांनी ते मतदानालाच आणलं नाही. आपल्या पक्षाचं बहुमत ज्याला नाही ते सभागृहात मांडायचं नाही असा तिथे पायंडा आहे. मांडलं असतं तर डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून पास झालं असतं, असं माझं मत. जून २०१४मध्ये त्यांच्या पक्षाचे सभागृहनेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या स्वतःच्याच प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) एका प्राध्यापकाकडून हरले, आणि त्या प्राध्यापकाचा मुख्य मुद्दा इमिग्रेशन होता. त्या रात्रीनंतर रिपब्लिकन सभासदांना सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा प्रायमरीची धास्ती जास्त.

२०२४मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर लँकफर्ड यांनी कर्स्टन सिनेमा आणि क्रिस मर्फी या सिनेटरांबरोबर नवा मसुदा केला. या वेळी आतल्यांना दर्जा द्यायचा भागच नव्हता, म्हणजे डेमोक्रॅटांनी पहिल्यांदाच तो सोडला. बंदोबस्त भरपूर, शिवाय पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीनकार्डं आणि एच-वन-बीवाल्यांच्या मुलांना संरक्षण. ट्रम्प यांनी उघड विरोध केला आणि ४९-५०ने ते पडलं. निवडणुकीचं वर्ष होतं, प्रश्न सुटण्यापेक्षा पेटता राहणं काहींच्या सोयीचं होतं.

---

सह्याद्री_सिएटल

अप्पांनी २००७चा जून सांगितला, मी जुलै सांगतो. सिनेटमध्ये विधेयक मेलं त्याच्या चारच दिवसांनी. कोणत्या तारखेपर्यंतच्यांना ग्रीनकार्डाचा अर्ज करता येईल हे दरमहा व्हिसा बुलेटिन सांगतं. जुलैच्या बुलेटिनमध्ये जवळजवळ सगळ्यांच्या तारखा खुल्या झाल्या होत्या. हजारो लोकांनी भारतातून आई-वडिलांकडून जन्मदाखले मागवले, वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, प्रवास रद्द केले. २ जुलैला सरकारने कळवलं, व्हिसे संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी केली. १० जुलैला इमिग्रेशन सेवेच्या संचालकांच्या दारात शेकडो पुष्पगुच्छ जाऊन पडले. त्यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली. १७ जुलैला सरकार मागे आलं आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत अर्ज स्वीकारले. मी त्या लोंढ्यातला. कामाचा परवाना मिळाला, नोकरी बदलता आली. ग्रीनकार्डाला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली, कारण आकडा तोच होता. सरकारी खातं तारीख हलवू शकतं, आकडा फक्त काँग्रेस.

---

टेक्सासकर

मग २०१९चं काय? तेव्हा सुटं विधेयक आलंच होतं. फक्त देशवार मर्यादा काढायची. हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनेही एकमुखाने पास केलं. सीमेचा काही संबंध नव्हता. म्हणजे सुटं जाऊ शकतं.

---

रानजाई

गेलं का पण? सिनेटचा मसुदा हाउसच्या मसुद्यापेक्षा वेगळा होता, दोन्हींचा मेळ बसवायला वेळ उरला नाही आणि काँग्रेसची मुदत संपली. त्याआधी वर्षभर ते का अडलं ते आठवा. डर्बिन विचारत होते, एकूण आकडा न वाढवता मर्यादा काढली तर बाकी जगाने किती वर्षं थांबायचं? फिलिपिन्सच्या नर्सा, इराणी संशोधक विरोधात उभे राहिले. आपण म्हणत होतो आमची रांग अन्यायाची, ते म्हणत होते तुमची रांग आमच्यावर ढकलू नका. १ लाख ४० हजारांच्या ताटात भांडत बसलो सगळे. ताट वाढवायचं तर ६० मतं लागतात, आणि ती मतं ज्यांना शेतमजुरांचं, डाकाच्या मुलांचं काही हवं आहे त्यांच्याशिवाय जमत नाहीत. मला हे गणित नैतिकतेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि वेगळेपण सिद्ध करून आपण सुरक्षित होतो, हा भ्रम २०२५च्या जानेवारीतच फिटायला हवा होता. जन्मसिद्ध नागरिकत्व काढणारा आदेश निघाला त्यात केवळ बिनकागदाच्या आईबापांची मुलं नव्हती. एच-वन-बी, एच-फोर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा), विद्यार्थी व्हिसावरच्यांचीही होती. खालच्या न्यायालयांनी तो अडवला. कशाच्या आधाराने? सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या स्वयंपाक्याने १८९८मध्ये जिंकलेल्या खटल्याच्या आधाराने. चिन्यांना हाकलायच्या काळात एक चिनी मजूर भांडला म्हणून आपल्या मुलांना आज आधार आहे.

५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय होते, हातापायांत बेड्या घातलेले. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, महाराष्ट्रातलेही तीन. ‘त्यांची सीमा’ म्हणतो तिथे आपलीही माणसं आहेत.

---

टेक्सासकर

ते दृश्य मलाही पाहवलं नाही, हे मोकळेपणाने सांगतो. पण माझा मूळ मुद्दा राहतोच. उद्या आतल्यांना दर्जा दिला तर परवाचे कसे थांबवणार? याचं उत्तर मिळालं तर मी विरोध करणार नाही.

---

ओहायोचे अप्पा

प्रश्न रास्त आहे, आणि दर वेळी याच प्रश्नाला बगल दिली गेली.

एक जुनं साधन कायद्यात पडून आहे. ‘रजिस्ट्री’ म्हणतात. १९२९मध्ये सुरू झाली. अमुक तारखेपूर्वीपासून जो सलग इथे राहतो आहे आणि ज्याची वर्तणूक चांगली आहे, त्याने नाव नोंदवून कायमचा रहिवासी व्हावं. आधी तारीख होती १९२१ची. काँग्रेस ती अधूनमधून पुढे सरकवत गेली. १९६५च्या कायद्याने १९४८वर आणली, १९८६च्या कायद्याने १ जानेवारी १९७२वर. तिथे ती थांबली आहे. म्हणजे आज पन्नासहून जास्त वर्षं इथे काढलेल्यालाच तिचा उपयोग. काळाबरोबर तारीख सरकत राहिली तर कोटीभर माणसं साचणारच नाहीत आणि ‘माफी’चा मोठा सोहळाही करावा लागणार नाही. एके काळी हे इतकं रुटीन होतं की त्यावर कोणी गळा काढत नसे.

---

टेक्सासकर

रजिस्ट्री मला माहीत नव्हती. तारीख पुढे सरकवायला माझी हरकत नाही, एका अटीवर. प्रत्येक मालकाला ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराचे कागद सरकारी नोंदींशी ताडून पाहणं, सक्तीचं करा. खोट्या कागदावर काम मिळणं थांबलं पाहिजे. १९८६ला पोकळ ठेवलेला भाग आधी भरा.

---

अनघा_एडिसन

टेक्सासकर, तुमच्या अटीला माझं अनुमोदन. पण मग विस्कॉन्सिनच्या गोठ्यांत गाई कोण पिळणार तेही ठरवावं लागेल. तिथले निम्मे हात बिनकागदाचे असावेत, आणि एच-टू-ए हंगामी कामालाच मिळतो. दुधाला हंगाम नसतो, त्यामुळे गोठेवाल्याला तो व्हिसा घेताच येत नाही.

---

ओहायोचे अप्पा

तुम्ही दोघे जे म्हणताय ते लिहून झालेलं आहे. शेतमजुरांसाठीचं विधेयक. शेतीत आधीच राबणाऱ्यांना दर्जा, एच-टू-एमध्ये सुधारणा आणि दुग्धव्यवसायाला वर्षभराचे व्हिसे, आणि ते झाल्यावर साऱ्या शेतीक्षेत्रात ई-व्हेरिफाय सक्तीचं. शेतमजुरांची संघटना आणि मळेवाले यांनी एकत्र बसून ठरवलेलं. डिसेंबर २०१९मध्ये हाउसने २६० विरुद्ध १६५ने पास केलं, मार्च २०२१मध्ये पुन्हा २४७ विरुद्ध १७४ने. दोन्ही वेळा काही रिपब्लिकन सोबत होते. सिनेटमध्ये एकदाही मतदान झालं नाही.

---

टेक्सासकर

वाचतो ते विधेयक. आमच्या दोन्ही सिनेटरांची त्यावरची भूमिका काय होती तेही शोधून इथेच टाकतो.